आधी वय विचारतात

मैत्रिणीच्या आजीनं दारातच माझा हात धरला आणि काहीतरी विचारलं. मी नाव सांगितलं. आजींनी मान हलवली, हात काही सोडला नाही, पुन्हा तेच विचारलं. मी गावाचं नाव सांगितलं. तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला तेव्हा मैत्रीण चपला काढता काढता म्हणाली, "अगं, वय विचारतेय ती. वय कळल्याशिवाय तुझ्याशी बोलणार कशी?"

ती १२ जानेवारी २०२५ ची सकाळ होती. हो ची मिन्ह शहरातली बान को नावाची दाट वस्ती. १९७६ पासून शहराचं सरकारी नाव हो ची मिन्ह आहे, पण त्या घरात सगळे सायगॉनच म्हणायचे, म्हणून मीही तसंच म्हणते. रात्रभर विमानात डोळा लागला नव्हता. घड्याळ दीड तास पुढे केलं होतं, पण डोकं अजून हिंगोलीहून मुंबईला निघालेल्या रेल्वेतच होतं.

मैत्रिणीची ओळख पुण्याची. मी हिंगोलीकडच्या सेनगावहून विद्यापीठात मराठी एम.ए.ला गेलेले, ती पाली शिकायला व्हिएतनामहून आलेली. जयकर ग्रंथालयात आम्ही एकाच टेबलाशी बसायचो आणि पालीतला कुठला शब्द मराठीत कोणत्या रूपात उरलाय ते शोधत बसायचो. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणू लागले. २०२३ च्या मार्चात ती सेनगावला आमच्या घरी आली. हळदीचे दिवस होते. शिजलेली हळद कुकरमधून बाहेर पडते तेव्हाचा वाफेचा वास, वाळवणाचे लांबच लांब पिवळे पट्टे, सगळं तिनं डोळे भरून पाहिलं. हळकुंडं पसरून तिचे हात आठवडाभर पिवळे होते. रात्री माळवदावर झोपली. आणि आईनं तिला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "कोणाची गं लेक तू?" त्या प्रश्नावर ती इतकी खुलली की मला नवल वाटलं होतं. नवल का वाटू नये, ते तिच्या दारात उभी राहिल्यावर कळलं.

मी महिनाभर फोनवर त्यांची भाषा घोकून गेले होते. 'मी' म्हणजे 'तोइ', हा पहिला धडा. आजींना वय सांगून झाल्यावर मी धीर करून एक वाक्य जुळवलं आणि त्यात 'तोइ' वापरलं. आजी काही बोलल्या नाहीत. ताईची आई चहा ओतता ओतता थांबली. नंतर ताईनं मला स्वयंपाकघरात नेऊन समजावलं, की शब्द चुकीचा नाही, पण तो कचेरीतला आहे, परक्याशी बोलायचा आहे. आजीसमोर तो वापरला तर आपण अंतर राखून बोलतोय असं होतं. आजीशी बोलताना 'मी' म्हणजे 'कोन', म्हणजे लेकरू. आणि 'तुम्ही' असा वेगळा शब्दच नाही, तिथं 'आजी' म्हणायचं. 'लेकरू आजीसाठी हळद घेऊन आलंय', असं बोलायचं.

मग मी 'कोन' म्हटलं. आजींनी माझ्या गालावर हात फिरवला.

त्या दिवसात माझा 'मी' किती वेळा बदलला ते मी वहीत लिहून ठेवलंय. ताईशी बोलताना मी 'एम', म्हणजे धाकटं भावंड, आणि ती 'ची', थोरली बहीण. तिच्या आईशी, वडलांशी 'कोन'. शेजारच्या पहिलीतल्या मुलाशी बोलताना मी 'को', म्हणजे आत्या. जिन्यात भेटलेल्या कॉलेजातल्या मुलीसाठी मी 'ची'. मराठीत मी आईसमोर असो नाहीतर तहसीलदारासमोर, माझा 'मी' तोच राहतो, बदलतात ते 'तू' आणि 'तुम्ही'. इथं समोरचं माणूस बदललं की मीच बदलत होते. वय विचारल्याशिवाय तोंड उघडता येत नाही ते यामुळे. मी १९९८ ची, त्यांच्या पंचांगात वाघाच्या वर्षातली. आजींनी बोटांवर मोजून माझी जागा घरात कुठे बसते ते ठरवलं.

त्यातही एक कोडं होतंच. ताई भावंडांत सगळ्यात थोरली, पण तिला धाकटे 'ची हाय' म्हणत, आणि 'हाय' म्हणजे दोन. तिच्या पाठचा भाऊ तीन. दक्षिण व्हिएतनाममध्ये पहिल्या लेकराला पहिलं म्हणतच नाहीत, मोजणी दोनपासून सुरू होते. कारणं वेगवेगळी सांगतात. त्यातलं एक मला लगेच पटलं, की थोरल्या लेकरावर वाईट नजर पडू नये. आपल्याकडे जगावं म्हणून पोराचं नाव दगडू, धोंडू ठेवायचे, त्यातलाच हा जीव. आणि शेवटच्या लेकराला 'उत' म्हणतात. सेनगावच्या घरात मी तिघांत थोरली. इथं आजींनी दुसऱ्या दिवशी मला हाक मारली, "उत!" माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी घरातलं शेंडेफळ झाले.

आजींना हाक मारायची ती 'ङ्वाय', आईची आई. बाराखडी शिकताना गुरुजी 'ङ' म्हणायला लावत, आणि 'वाङ्मय' सोडलं तर पुढे कुठंच तो भेटत नसे, शब्दाच्या सुरुवातीला तर नाहीच. इथं तो दर दोन वाक्यांना सुरुवातीलाच येत होता. त्यांचं सगळ्यात जास्त आढळणारं आडनावसुद्धा 'ङ'नं सुरू होतं. मी माझ्या वहीत सगळे शब्द देवनागरीत लिहीत होते, आणि पाटीवर वाचता येणारी पण उच्चारता न येणारी त्यांची रोमन अक्षरं या वहीत आल्यावर मला जवळची वाटू लागली. सूर मात्र देवनागरीत लिहिता येईना. 'मा' वर चढवून म्हटलं तर आई, सपाट म्हटलं तर भूत. ताईच्या आईला मी दोन दिवस सपाट हाक मारत होते. तिनं ते कधी मनावर घेतलं नाही. ती फक्त प्रत्येक वेळी हळूच, बरोबर सुरात, माझा शब्द मला परत म्हणून दाखवायची.

घर गल्लीत होतं. तिथल्या गल्लीला 'हेम' म्हणतात. घराच्या क्रमांकात तिरप्या रेघा असतात, एकामागून एक. पहिला आकडा मोठ्या रस्त्यावरच्या गल्लीचा, दुसरा त्या गल्लीतून फुटणाऱ्या बोळाचा, तिसरा घराचा. बान को म्हणजे बुद्धिबळाचा पट, आणि वस्ती तशीच चौकटीचौकटींची. मी दोनदा चुकले. घरं तीन-साडेतीन मीटर रुंद, पण चार मजली. रात्री सगळ्या दुचाक्या बैठकीत ओळीनं लागत आणि त्यांच्या पलीकडे आम्ही जेवायला बसायचो. सकाळी हातगाड्यांवरून रेकॉर्ड केलेली हाळी यायची, एकच वाक्य, एकाच आवाजात, बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

दाराजवळ जमिनीवर एक छोटं देवघर होतं. वर पूर्वजांचं वेगळं होतं, हे खालचं भूमीच्या देवाचं. मी माळकऱ्याच्या घरातली. देव जमिनीवर, तोही चपलांपासून दोन हातांवर, हे मला बघवेना. मग सकाळी आजी आल्या. उदबत्ती लावली, आणि देवापुढे कॉफीचा छोटा पेला ठेवला. मी विचारलं, तर ताई म्हणाली, हा देव जमिनीचाच आहे, वर ठेवला तर त्याचं घर सुटेल. मग मी तिथून जाताना रोज वाकून जाऊ लागले.

रस्ता ओलांडणं हा माझा खरा हबका. सेनगावात बसस्थानकासमोर ट्रॅक्टर, टमटम, गुरं असतात, पण त्यांच्यात फटी असतात. दिएन बिएन फू रस्त्यावर फट नव्हती. सायगॉनमध्ये दुचाक्या सत्तर लाखांच्या वर आहेत आणि त्या सकाळी त्या सगळ्या माझ्यासमोरून चालल्या आहेत असं वाटत होतं. सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, मागे बसलेल्याच्याही. एक पाऊल टाकायचं, परत घ्यायचं, असं माझं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. ताईनं मनगट धरलं आणि म्हणाली, "थांबू नकोस, पळू नकोस, मागे फिरू नकोस. तू कुठं असशील ते त्यांना कळू दे, बाकी ते बघतील." आम्ही त्या प्रवाहात उतरलो. गाड्या माझ्या अंगापासून हातभर अंतरावरून दोन्हीकडून वळत गेल्या, जसं आमच्या कयाधू नदीला पाणी आलं की ते खडकाभोवतून जातं. पलीकडे पोहोचल्यावर मी फुटपाथवर बसूनच घेतलं.

सिग्नलला मात्र सगळे पट्ट्याच्या मागे थांबत. आठ-दहा दिवसांपूर्वीपर्यंत असं नव्हतं, असं ताईचा भाऊ सांगत होता. १ जानेवारीपासून नवा नियम आला होता, लाल दिवा तोडला तर दुचाकीला ४० ते ६० लाख डोंग दंड, म्हणजे आपले साधारण साडेतेरा ते साडेवीस हजार रुपये. म्हणून चौकाचौकांत रांगा साचल्या होत्या आणि त्यांच्या चांद्र नववर्षाच्या खरेदीची गर्दी त्यात येऊन मिसळली होती.

पैशांचा घोळ होणारच होता. नोटांवर इतकी शून्यं आणि सगळ्या नोटांवर हो ची मिन्ह यांचाच चेहरा. बोलताना लोक हजार गाळतात, 'वीस' म्हणजे वीस हजार. तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच बोळाच्या तोंडाशी कॉफी प्यायला गेले. टीचभर उंचीचं प्लॅस्टिकचं स्टूल, समोर तसंच दुसरं स्टूल हेच टेबल. काचेच्या पेल्यात तळाला बोटभर घट्ट गोड दूध, पेल्यावर पत्र्याची चाळणी, आणि तिच्यातून कॉफी थेंब थेंब पडते. घाई करता येत नाही. दुधावर काळा थेंब पडतो, क्षणभर वर थांबतो, मग धाग्यासारखा खाली उतरतो. शेवटी ढवळून बर्फावर ओतायचं. ब्राझीलनंतर जगात सगळ्यात जास्त कॉफी हा देश पिकवतो, हे मला वाचून माहीत होतं, पण इतकी कडक कॉफी मी पहिल्यांदाच प्यायले.

पन्नाशीच्या बाई चालवत होत्या. वीस हजार झाले. मी निळी नोट दिली आणि निघाले. मागून हाक आली, "कोन ओइ! कोन ओइ!" कुणीतरी आपल्या लेकराला बोलावतंय, असं समजून मी चालत राहिले. बोळ वळले. हाक जवळ आली, चपलांचा आवाज आला, आणि दंडाला हात लागला. त्या बाई धापा टाकत उभ्या. त्यांच्या हातात माझी नोट. वीस हजारांची नोट निळी असते आणि पाच लाखांचीही निळसरच असते. मी अडुसष्ट रुपयांच्या कॉफीसाठी सतराशे रुपये देऊन निघाले होते. त्यांनी ती नोट माझ्या मुठीत दाबून, माझी बोटं मिटवली आणि काहीतरी रागावून बोलल्या. शब्द कळले नाहीत, पण सूर आईचाच होता. ती हाक आपल्यालाच होती, हे कळायला मला दंडाला हात लागावा लागला, याची चुटपुट अजून जात नाही.

१४ जानेवारीला आपली संक्रांत. त्यांच्या चांद्र पंचांगात त्या दिवशी शेवटच्या महिन्याची पंधरावी तिथी होती, आणि त्या तिथीचा त्यांचा शब्द कानाला जवळजवळ 'राम' असा येतो. सकाळी आजी मला गच्चीवर घेऊन गेल्या. तिथं कुंडीत त्यांचं 'माय' नावाचं झाड होतं. नववर्षाला, म्हणजे 'तेत'ला, पिवळी फुलं यावीत म्हणून पंधरा दिवस आधी त्याची सगळी पानं हातानं खुडायची असतात. पान देठाशी धरायचं, वरच्या दिशेनं उपसायचं, साल सोलायची नाही आणि डोळा मोडायचा नाही. आमच्याकडे पळस आपली पानं आपणच टाकतो आणि मग फुलतो. इथं झाडाला आठवण करून द्यावी लागते, असं मी ताईमार्फत आजींना सांगितलं. त्यांना पळसाचा फोटो पाहायचा होता. फोनवर दाखवला. तासाभरात झाड उघडं झालं आणि फांद्यांवर हिरव्या राईएवढ्या कळ्या दिसू लागल्या.

खाण्याचं काय होणार, ही माझ्या घरच्यांची मोठी काळजी होती. माशाची चटणी म्हणा, अर्क म्हणा, तो तिथल्या बहुतेक पदार्थांत असतो. पहिल्या दिवशी एका पाटीवर मी 'चाय' वाचलं, आत जाऊन बसले, चहा मागितला, आणि समोर भाताचं ताट आलं. 'चाय' म्हणजे शाकाहारी. महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला कितीतरी लोक शाकाहार पाळतात, त्यामुळे संक्रांतीच्या दिवशी तर गल्लीतल्या नेहमीच्या टपऱ्यांवरही 'चाय'च्या पाट्या लागल्या होत्या. घरी आमची एकादशी असते तसं ते घर त्या दिवशी होतं. दुपारी 'कोम ताम' होतं, म्हणजे तांदळाच्या कण्यांचा भात. पूर्वी गिरणीत उरलेल्या कण्या गरिबांनी खायच्या. आज तेच सायगॉनचं मानाचं जेवण आहे. माझ्या आजीनं दुष्काळात ज्वारीच्या कण्या शिजवून पोरं वाढवली. मी ते ताट सावकाश जेवले.

संध्याकाळी ताईच्या आईनं सेनगावची हळद उघडली. तिथं पोट दुखलं की हळद मधात कालवून देतात, त्यामुळे तिची पारख त्यांना होती. चिमूटभर तळहातावर घेऊन हुंगली, बोटानं चोळली, आणि आजींना बोलावलं. मग तांदळाच्या पिठात नारळाचं दूध आणि ती हळद घालून 'बान सेओ' केले. तव्यावर पीठ पडलं की चर्र आवाज होतो, त्या आवाजाचंच नाव पदार्थाला आहे. आत मूग, मोड आणि अळंबी घालून घडी घातली. मी म्हटलं, हे आमचं धिरडं. तो शब्द आजींना म्हणता येईना. पण माझ्या बापाच्या शेतातली हळद त्या काळ्या तव्यावर पिवळी फुलली, तेव्हा मला घर फार आठवलं.

मेट्रो नुकतीच सुरू झाली होती. २२ डिसेंबर २०२४ ला शहराची पहिली लाईन उघडली, जवळजवळ २० किलोमीटर, १४ स्थानकं, आणि पहिला महिना प्रवास फुकट. आजींना नवे कपडे घालून त्यात बसायचं होतं. बेन थान्ह बाजारापाशी जमिनीखाली उतरलो आणि काही मिनिटांत नदीकाठच्या इमारतींच्या बाजूनं उंचावरून जाऊ लागलो. डब्यात आजोबा-आज्यांना घेऊन आलेली कुटुंबंच जास्त होती. एका पोरानं मला "को" म्हणून हाक मारली आणि बसायला जागा दिली. या वेळी हाक माझ्यासाठी आहे हे मला लगेच कळलं.

परतताना ताईच्या वडलांनी आम्हाला नदीकाठी नेलं. काका निघताना मला म्हणाले होते, तिथल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचा फोटो आण. आमच्याकडे फोनवर तो मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय, की महाराजांचा गनिमी कावा शिकून व्हिएतनामनं अमेरिकेला हरवलं. मी विचारलं. वडलांनी हे नाव ऐकलेलं नव्हतं. पण त्यांनी टाळलं नाही, "सांग," म्हणाले. मी जावळीचं रान, प्रतापगड, १६५९, सगळं सांगितलं, ताई भाषांतर करत होती. मग त्यांनी समोरच्या पुतळ्याकडे बोट केलं. तो त्रान हुंग दाओ यांचा, आणि पुतळ्याचाही हात नदीकडे बोट दाखवतो. १२८८ साली त्यांनी बाख दांग नदीच्या तळाशी टोकदार खांब रोवून ठेवले, भरतीच्या वेळी पळाल्याचं सोंग करून मंगोलांची जहाजं आत ओढली, आणि ओहोटी लागताच ती खांबांवर अडकली. वडील कठड्यावर बोटानं नदीचं वळण काढून दाखवत होते. मलाही डोंगर काढून दाखवायचा होता, मग मीही काढला. काकांना परत आल्यावर जे पाहिलं तेच सांगितलं. महाराजांची कहाणी तिथं एका माणसानं पहिल्यांदा आणि मन लावून ऐकली, एवढं मी खात्रीनं सांगू शकते, आणि मला त्याचंच मोल जास्त वाटतं.

२२ जानेवारीला त्यांच्या शेवटच्या महिन्याची तेविसावी तिथी. त्या रात्री चुलीचा देव वर्षभराचा हिशेब सांगायला स्वर्गात जातो. घरात काय बोललं गेलं, कोण भांडलं, सगळं त्याला माहीत, कारण तो स्वयंपाकघरातच राहतो. त्यानं वर जाऊन गोड बोलावं म्हणून त्याच्यापुढे तीळ आणि शेंगदाण्याच्या वड्या ठेवतात. ताई हे सांगत होती आणि मी उठून माझ्या पिशवीकडे गेले. आईनं बांधून दिलेल्या तिळगुळातला शेवटचा डबा शिल्लक होता. संक्रांतीला सगळ्यांना वाटून झाला होता, पण तेव्हा घाईत मी फक्त "गोड आहे, खा" एवढंच म्हटलं होतं. आता मी ताईला मराठीत ते पूर्ण म्हणून दाखवलं आणि अर्थ सांगितला, तिळगूळ घ्या, गोड बोला. ताईनं आजींना सांगितलं. आजी काही वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी त्यांच्या वड्यांची बशी थोडी बाजूला सरकवली, माझ्या हातातले दोन लाडू घेतले आणि चुलीच्या देवापुढे ठेवले. उदबत्ती माझ्या हातात दिली. "उत," म्हणाल्या आणि मला पुढे केलं.

दोन दिवसांनी निघताना मी त्यांच्या रीतीप्रमाणे हातांची घडी घालून म्हटलं, "ङ्वाय, कोन वे." लेकरू घरी जातंय. 'वे' म्हणजे आपल्या घरी परतणं. मला ते जड वाटलं, म्हणून मी मराठीतही म्हटलं, "येते, आजी."

सेनगावला पोहोचले तेव्हा आई अंगणात तूर चाळत होती. हातपाय धुवायच्या आधीच तिनं विचारलं, तिथं तुला काय म्हणायचे? मी सांगितलं, उत. म्हणजे? म्हणजे शेंडेफळ.

"असशील तिथं," आई म्हणाली आणि चाळणीचं दुसरं टोक माझ्याकडे केलं. "हितं थोरली हाईस. धर."